पुरावरची ग्राफिक कादंबरी, ९६ पानं, ५०० प्रती: कागद, काळा रंग आणि फुग्यांतली अक्षरं

चौकट_राजारामपुरी

नमस्कार मंडळी. आमची छोटी स्वतंत्र प्रकाशनसंस्था आहे, कोल्हापुरातून चालते. आमची पहिली मराठी ग्राफिक कादंबरी छापायच्या तयारीत आहोत. विषय २०१९ चा पंचगंगेचा पूर. ९६ पानं, कृष्णधवल, ५०० प्रती. निम्म्याहून जास्त प्रसंग रात्रीचे आहेत आणि गावात वीज नाही, त्यामुळे पानोपानी काळ्याचे मोठे पट्टे आलेत. चित्रं कागदावर शाईने काढलीत, राखाडी छटा नंतर कॉम्प्युटरवर भरल्यात. सगळं काम आरजीबीमध्ये (पडद्यावरच्या तीन रंगांत), ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके).

डिजिटल मशीनवर काही पानांचा नमुना काढला तर तीन गोष्टी खटकल्या. अक्षरांच्या आणि बारीक रेषांच्या कडा करवतीसारख्या दिसतात. काळा रंग एका चौकटीत करडा, तर दुसरीत चकचकीत. आणि फुग्यांत मजकूर इतका दाटलाय की खालच्या ओळीच्या वेलांट्या वरच्या ओळीच्या उकारांना चिकटतात.

पुस्तकाचा आकार आणि कागद अजून पक्का नाही. चार रंगांचं बजेट नाही. ऑफसेटला (प्लेटी करून होणाऱ्या छपाईला) जावं का? कागद कुठला घ्यावा? काळा खरंच काळा दिसण्यासाठी काय करावं? बांधणी, आयएसबीएन आणि किंमत याबद्दलही सांगितलंत तर उपकार होतील.

---

फर्मा_सोळा

चौकट, आकार सगळ्यात आधी ठरवा. बाकी सगळे हिशेब त्यावरून निघतात.

ऑफसेटला २० × ३० इंची शिट धरली तर एका बाजूला ८ आणि दोन्ही बाजूंना मिळून १६ पानं बसतात. अशी एक छापील शिट म्हणजे एक फर्मा. ९६ पानांचे बरोबर ६ फर्मे, एक पान वाया नाही. कटिंगनंतर नेहमीचा क्राउन आकार ७.२५ × ९.५ इंच मिळतो. पण तुमचा काळा रंग पानाच्या कडेपर्यंत जातोय. चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापून टाकायची जादा किनार), बांधणीत कण्याच्या बाजूने घासली जाणारी जागा आणि मशीन शिट पकडते ती ग्रिपरची पट्टी एवढं सगळं धरलं की त्या शिटवर बोटभरही जागा उरत नाही. शिट जराशी सरकली की कडेला पांढरी रेघ दिसते. म्हणून ट्रिम (कापल्यानंतरचा आकार) ७ × ९.२५ इंच, म्हणजे साधारण १७८ × २३५ मिमी ठेवा. वाचणाऱ्याला फरक कळत नाही, मशीनमनला श्वास घ्यायला जागा मिळते.

डिजिटलच्या नादाला लागायचं असेल तर हाच आकार महाग पडतो. १३ × १९ इंची शिटवर या आकाराची एका बाजूला दोनच पानं बसतात. ५.५ × ८.५ इंची डेमी मात्र ब्लीडसकट चार बसतात. मशीनवाला शिटमागे पैसे घेतो, म्हणजे तुमचा खर्च सरळ दुप्पट. शंभरेक प्रती हव्या असतील तर डेमी आणि डिजिटल. ५०० ला ऑफसेट.

आता कागद. १०० जीएसएम (चौरस मीटरला १०० ग्रॅम) मॅपलिथो, म्हणजे कोटिंग नसलेला कागद, नॅचरल शेड. ७० जीएसएमवर मागच्या पानाचा काळा पट्टा पुढच्या पानावरच्या आभाळात दिसायला लागतो. किती कागद लागेल ते स्वतः काढायला शिका: लांबी गुणिले रुंदी इंचात, गुणिले जीएसएम, भागिले ३१००. उत्तर येतं ते ५०० शिटांच्या रिमचं वजन, किलोत. २० × ३० × १०० भागिले ३१०० म्हणजे १९.३५ किलो. एका प्रतीला ६ शिटा, ५०० प्रतींना ३००० शिटा, म्हणजे ६ रिम. प्रत्येक फर्म्याला मशीन लावताना शे-सव्वाशे शिटा जातात, ते धरून साडेसात रिम. साधारण १४५ किलो. कोटेशनमध्ये कागदाचा आकडा यापेक्षा फार वेगळा दिसला तर का, ते विचारा.

काळ्याचं दुखणं समजून घ्या. आरजीबीतला शुद्ध काळा सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांत) नेला की नेहमीच्या सेटिंगला तो सायन ७५, मॅजेंटा ६८, यलो ६७, ब्लॅक ९० असा फुटतो. तुमच्या नमुन्यात काही चौकटींत चारही रंगांचं टोनर थापलं गेलं, ते चकाकलं. काही चौकटींत ९० टक्के काळाच गेला, म्हणजे ठिपक्यांची जाळी पडली, ते करडं दिसलं. अक्षरांच्या कडा करवतीसारख्या होण्याचं कारणही हेच: ३०० डीपीआयची राखाडी प्रतिमा ठिपक्यांत फोडली जाते आणि तिरक्या रेषेची कड ठिपक्यांच्या मापाने कापली जाते.

उपाय असा. शाईची रेघ आणि राखाडी छटा वेगळ्या करा. रेघ १२०० डीपीआयची बिटमॅप, म्हणजे प्रत्येक पिक्सेल एकतर काळा नाहीतर पांढरा, मधलं काही नाही. छटा त्याखाली, ३०० डीपीआय ग्रेस्केल. अक्षरं सगळ्यांत वर, व्हेक्टर (ठिपक्यांची नव्हे, बाह्यरेषांची), १०० टक्के काळा. मूळ चित्र छापील आकाराच्या दीडपट असेल तर ते ए-३ कागदावर बसतं, आणि ८०० डीपीआयला स्कॅन करून छापील मापावर आणलं की आपोआप १२०० होतं. ब्लीडसकट एक पान ८६९३ × ११३८६ पिक्सेलचं येईल. आकड्याला घाबरू नका, बिटमॅपमध्ये ते फक्त १२ एमबीच्या आसपास असतं. टिफमध्ये सेव्ह करा. जेपीजीने काळ्याच्या कडेला धूळ येते.

तरीही मॅपलिथोवर एकच काळा छापला तर मोठा पट्टा कोळशासारखा करडा दिसणारच. कागद शाई पिऊन टाकतो. शाई वाढवली तर ती लवकर सुकत नाही आणि गठ्ठ्यात वरच्या शिटेच्या पाठीला लागते.

माझं स्पष्ट मत: दुसरा रंग घ्या. एक खास मिसळलेली मातकट तपकिरी, पुराच्या पाण्याची. राखाडी छटांच्या जागी तीच वापरा आणि रात्रीच्या काळ्या पट्ट्यांखाली ती ५० ते ६० टक्के ठेवा. तपकिरीवर चढलेला काळा एकदम दाट होतो. ६ फर्म्यांच्या दोन बाजू म्हणजे एका रंगाला १२ प्लेटी लागतात, दोन रंगांना २४, चार रंगांना ४८. दुरंगी मशीनवर शिट प्रत्येक बाजूला एकदाच जाते. एकच जादा रंग घेऊन काळ्याचं दुखणं जातं आणि पुस्तकाला स्वतःचा चेहरा मिळतो.

एक सावधगिरी. मॅपलिथोवर छटा फुगते, ५० टक्के दिलेली ७० च्या आसपास दिसते. ८५ च्या वर गेलेलं सगळं भरून येतं. स्क्रीनवर फिकं वाटेल इतकं हलकं ठेवा.

---

शिरोरेषा

फर्मा_सोळा यांनी छपाईचं सांगितलंच. मी फक्त अक्षरांवर लिहिते, कारण मराठी कॉमिक्स बहुतेक वेळा तिथेच मार खातात. चित्र पूर्ण होतं, मग उरलेल्या कोपऱ्यात फुगा कोंबला जातो.

साधा हिशेब करून बघा. तुमच्या आकारात १० पॉइंटची देवनागरी वाचायला बरी पडते. इंग्रजी कॉमिक्समधली मोठी अक्षरं १० पॉइंटला ११ च्या ओळीवर बसतात, कारण त्यांना वर-खाली काही लटकत नसतं. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार आणि त्यावर अनुस्वार, खाली उकार, ऋकार आणि 'द्ध', 'ट्ठ' सारखी जोडाक्षरं. ओळीचं अंतर कमीत कमी १४ ते १५ पॉइंट लागतं. चार ओळी म्हणजे १४.५ च्या हिशेबाने ५८ पॉइंट, २० मिमीच्या थोडं वर. वर-खाली चार-चार मिमी मोकळी जागा धरली की फुगा झाला २८ मिमी उंच. पान २३५ मिमीचं, समास वजा जाता २०८ उरतात, तीन रांगा केल्या तर एका चौकटीला साधारण ६६ मिमी उंची. म्हणजे चार ओळींचा एक फुगा चौकटीची चाळीस टक्के उंची खातो. त्यामुळे अक्षरं आधी बसवायची, पेन्सिलच्या टप्प्यावर. फुगे कागदावर काढून, त्यात खरा मजकूर टाकून बघायचा आणि मग माणसं कुठे उभी राहतील ते ठरवायचं.

तुमची चित्रं तयार आहेत, तर आता मजकूर कापा. पॉइंट कमी करू नका. एका फुग्यात २० शब्दांच्या वर जाऊ नका. कोल्हापुरी संवादाला ते सोपंच आहे. "पानी लई चढलंय, ढोरं सोड!" एवढ्यात सगळं येतं.

फुग्याचा आकारही आपल्या भाषेला धरून हवा. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, 'शेजारपाजारच्यांनासुद्धा' हा एकच शब्द अरुंद फुग्यात मावत नाही आणि मध्ये तोडताही येत नाही. आडवे, पसरट फुगे घ्या. बोटीवरच्या माणसाचा आवाज, भोंग्यावरची सूचना आणि मनातलं बोलणं यांना वेगळे आकार द्या. 'भीमायन' (नवयान, २०११) मध्ये दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी मायेच्या बोलण्याला पक्ष्याच्या आकाराचा फुगा दिला आणि विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. वाचताना कुणी समजावून सांगावं लागत नाही. तुमच्या पुस्तकात भोंग्याला चौकोनी, कोपरे तुटलेला फुगा शोभेल.

आता जिथे हमखास बिघडतं त्या गोष्टी.

पानं मांडायला इनडिझाइन वापरत असाल तर परिच्छेदाच्या मेनूत 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर निवडा. तो नसला की पहिली वेलांटी अक्षरानंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून पडतात. फोटोशॉपमध्येही टाइपच्या सेटिंगमध्ये तसाच पर्याय आहे. इंकस्केपमध्ये हा त्रास नाही.

फॉन्ट निवडण्याआधी ही ओळ त्यात टाका: कुऱ्हाड, दऱ्याखोऱ्या, तऱ्हा, ॲम्ब्युलन्स, ऑफिस, राष्ट्र, उद्ध्वस्त, शिळं, र्‍हास. अर्धा र नीट आला नाही तर फॉन्ट बाद. मजकुराची भाषा 'मराठी' अशी नेमा, म्हणजे ज्या फॉन्टांत सोय आहे तिथे ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही. कलम, मुक्त, बालू हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, पुस्तकात वापरायला पैसे नाहीत. संवादासाठी कलम चालून जातो, निवेदनाच्या पट्ट्यांना मुक्त.

अक्षरांमधलं अंतर कधीही वाढवू नका, शिरोरेषा तुटते. जाडी हवी तर फॉन्टचं खरं बोल्ड वजन घ्या. वरून स्ट्रोक मारून जाड केलेल्या अक्षरात भ, श, क्ष यांच्या गाठी भरून जातात. काळ्या रात्रीवर पांढरी अक्षरं असतील तिथे १० पॉइंटच्या खाली नको आणि बोल्डच हवं, शाई पसरून अक्षर आतून बारीक होतं.

पांढरी कड असलेली अक्षरं करायची असतील तर आणखी एक खोडी आहे. देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली असते. अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्टमधून सोडवून नुसत्या आकारांत बदलून, कड दिली की प्रत्येक जोडावर उभी रेघ उमटते. कर्व्ह केल्यावर आधी सगळं अक्षरजाळं एकसंध करा, इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचं 'युनाइट', इंकस्केपमध्ये 'युनियन', आणि मग कड द्या. कर्व्ह न केलेली प्रत वेगळी जपून ठेवा, शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या शेवटपर्यंत निघतात.

आवाजाचे शब्द मात्र फॉन्टमध्ये टाकू नका. हाताने काढा. धडाम, खळ्ळ, डुबुक, सळसळ, भळाभळा: मराठीकडे पाण्याच्या आवाजांचा एवढा साठा आहे, तो चित्राच्या रेषेतच उतरला पाहिजे. तिथे शिरोरेषा मोडा, वाकवा, पाण्याखाली बुडवा.

आणि निवेदनाच्या पट्टीत पुराची पातळी लिहाल तेव्हा ती आपल्याकडे बोलतात तशीच लिहा: राजाराम बंधारा, अमुक फूट, अमुक इंच. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका. कोल्हापूरचा वाचक हा आकडा पहिल्यांदा तपासणार.

---

चौकट_राजारामपुरी

दोघांचेही मनापासून आभार. दुसऱ्या रंगाची कल्पना लई भारी आहे, चित्रकारालाही पटली. तीन शंका. तपकिरीची फाइल नक्की कशी द्यायची? निम्मा मजकूर डीटीपीवाल्याने जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये बसवलाय, त्याचं काय? आणि पुराच्या पाण्याची जोडपानं बरीच आहेत, चित्र आडवं दोन पानांवर पसरलेलं. बांधणीत ती किती गिळली जातील?

---

फर्मा_सोळा

तपकिरी 'स्पॉट' रंग, म्हणजे वेगळी मिसळलेली एकच शाई, म्हणूनच राहिली पाहिजे. सीएमवायकेत नेली की चार प्लेटी निघाल्या आणि बजेट गेलं. फोटोशॉपमध्ये छटांचा थर स्वतंत्र ग्रेस्केल टिफ करा. इनडिझाइनमध्ये ती प्रतिमा ठेवून, बाहेरची चौकट नव्हे तर आतली प्रतिमाच निवडून तिला तो स्पॉट रंग द्या. वर बिटमॅप रेघ, तिला शुद्ध काळा आणि ओव्हरप्रिंट. ओव्हरप्रिंट असल्यामुळे काळ्याखाली तपकिरी कापली जात नाही, शिट केसभर सरकली तरी पांढरी फट दिसत नाही. पीडीएफ काढण्याआधी सेपरेशन्सच्या खिडकीत एकेक प्लेट उघडून बघा, फक्त दोन प्लेटींवर काही दिसलं पाहिजे, काळा आणि तुमची तपकिरी. तिसऱ्या प्लेटीवर काही दिसलं तर कुठेतरी रंगीत चित्र राहिलंय.

पीडीएफच्या सेटिंगमध्ये मोनोक्रोम प्रतिमांचं रिझोल्युशन १२०० च्या खाली उतरवू देऊ नका. अक्षरांचा थर सगळ्यात वर ठेवा. पारदर्शक काही त्याच्यावर आलं तर सपाट करताना अक्षरंही प्रतिमा होऊन जातात आणि पुन्हा करवत.

रंगाचा नंबर देताना पॅंटोनच्या रंगतक्त्यातला 'यू' म्हणजे कोटिंग नसलेल्या कागदाचा घ्या. शाई बहुतेक वेळा हाताने मिसळतात, म्हणून त्याच मॅपलिथोच्या तुकड्यावर बोटाने ओढलेला नमुना मागा, वाळू द्या, दुसऱ्या दिवशी उजेडात बघा. ओली तपकिरी नेहमी जास्त लाल वाटते. पसंत पडलेला तुकडा सही करून जपून ठेवा, पुढच्या आवृत्तीला तोच लागेल.

---

शिरोरेषा

जुन्या फॉन्टचा मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणता येतो, पण त्यावर आंधळा विश्वास नको. रफार, अर्धा र, अवतरणचिन्हं आणि 'ष्ट्र' या चार जागी घोळ होतो. संहितेची मूळ प्रत शेजारी ठेवून शब्द न् शब्द वाचा, शक्यतो एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने पानावर बघायचं. निम्मा मजकूर एका फॉन्टमध्ये आणि निम्मा दुसऱ्यात असं ठेवू नका, पात्राचा आवाजच बदलल्यासारखा वाटतो.

---

शिवण_आणि_सरस

जोडपानाचं उत्तर बांधणीवर आहे. ९६ पानांना सेंटर पिन (मधल्या घडीत मारलेल्या पिना) नको, मधली पानं बाहेर येतात आणि पुस्तक मिटत नाही. उरतात दोन वाटा: परफेक्ट बाइंडिंग (कणा घासून सरसाने कव्हर चिकटवणं) किंवा फर्मे दोऱ्याने शिवून मग कव्हर.

परफेक्टमध्ये कण्याकडची ३ मिमी घासून निघते आणि उघडल्यावर दोन्ही पानांची मिळून १० ते १५ मिमी पट्टी दरीत जाते. तिथे चेहरा, हात, फुगा काहीही नको. अक्षर कण्यापासून १८ ते २० मिमी दूर. शिवलेलं पुस्तक जास्त सपाट उघडतं, गिळणं निम्म्यावर येतं. ५०० प्रतींना शिलाईचा खर्च वाढतो, पण तुमच्याकडे जोडपानं बरीच आहेत, तेव्हा इथे हात आखडता घेऊ नका. आणखी एक युक्ती: १६ पानांच्या प्रत्येक फर्म्याच्या मधोमध जे जोडपान येतं ते एकाच कागदावर अखंड असतं. पानं १ पासून मोजली तर ८-९, २४-२५, ४०-४१, ५६-५७, ७२-७३, ८८-८९. सगळ्यांत महत्त्वाची दृश्यं तिथे आणता आली तर बघा. शिलाईत तिथे फक्त दोरा दिसतो, चित्र जुळलेलंच राहतं. बाकी जोडपानं दोन सुट्या कागदांची जुळलेली असतात, तिथे मिमी-दोन मिमी वर-खाली होणारच. पाण्याची आडवी रेघ तिथे सरळ कण्यातून नेऊ नका, लाट करा. लाट थोडी हलली तर चालते.

कण्याची जाडी १०० जीएसएम मॅपलिथोच्या ४८ कागदांना सुमारे ६ मिमी येते. हा अंदाज झाला. कव्हर बनवायच्या आधी छापखान्याकडून त्याच कागदाची कोरी डमी बांधून घ्या आणि मोजा.

कागदाचे तंतू कण्याला समांतर हवेत. आडवे असले तर पान वळताना ताठ राहतं, सरस सोडतं आणि पावसाळ्यात कण्याजवळ लाटा पडतात. कोल्हापूरचा जून ते सप्टेंबर म्हणजे हवेत कायम ओल. कव्हर ३०० जीएसएम आर्ट कार्ड, बाहेरून मॅट लॅमिनेशन असेल तर आतली उघडी बाजू दमट हवा पिते, फुगते आणि कव्हर बाहेरच्या बाजूला वळतं. शक्य असेल तर दसऱ्यानंतर छापा. पावसाळ्यातच छापायचं असेल तर कागद पॅकिंगमध्येच दिवसभर मशीनच्या खोलीत ठेवायचा, छापलेल्या शिटा पूर्ण सुकल्याशिवाय घडीला घालायच्या नाहीत, आणि तयार प्रती दहा-दहाच्या गठ्ठ्याने प्लास्टिकमध्ये बंद करायच्या. काळ्याचे मोठे पट्टे असलेल्या शिटा लवकर घडीला घातल्या की समोरच्या पानावर छाप उठतो. तो पुसता येत नाही.

फर्मा_सोळा, तुमच्या १०० जीएसएमशी मी सहमत आहे, पण काही जण आर्ट पेपर (कोटिंग असलेला गुळगुळीत कागद) सुचवतील, काळा छान येतो म्हणून. दुरंगी पुस्तकाला तो नको. चकाकी डोळ्यांत जाते आणि शिलाईजवळ घडीवर कोटिंग तडकतं.

---

करवीर_वाचक

छपाईपलीकडचं थोडं.

आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून ऑनलाइन आणि मोफत मिळतो. कुणी दलाल पैसे मागत असेल तर देऊ नका. प्रकाशक म्हणून नोंदणी करावी लागते, वेळ लागतो, म्हणून कव्हर पक्कं होण्याआधी अर्ज टाका. बारकोड शुद्ध काळ्यात, पांढऱ्या चौकोनावर. पूर्ण माप ३७.२९ × २५.९३ मिमी, ८० टक्क्यांच्या खाली नेऊ नका. तुमच्या सुंदर तपकिरीत बारकोड अजिबात छापू नका: दुकानातल्या स्कॅनरचा उजेड लाल असतो, त्याला तपकिरी रेघा दिसतच नाहीत.

१९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रसिद्धीनंतर ३० दिवसांत प्रती पाठवायच्या असतात: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, मुंबईचं एशियाटिक आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. छपाईच्या हिशेबातच या प्रती बाजूला काढा.

चित्रकार आणि लेखक यांच्याशी लेखी करार करा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क देणं लेखी आणि सहीचं असावं लागतं. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तोही संपतो, करारात वेगळं म्हटलं नसेल तर. अनुवाद, ई-बुक आणि चित्रपट हे तीन हक्क स्वतंत्र ओळींत लिहा. आणि पुराच्या वर्तमानपत्री फोटोवरून चौकट जशीच्या तशी काढली असेल तर छायाचित्रकाराची परवानगी घ्या, नाहीतर कोन, माणसं, रचना बदला. २०१९ चे काही फोटो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहेत, लगेच ओळखू येतात.

छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे, पण म्हणूनच छपाई आणि कागदाच्या बिलावर भरलेला कर परत मिळत नाही. तो खर्चातच धरा. वितरक साधारण ४० ते ५० टक्के सूट मागतात. तेव्हा छापील किंमत प्रतीच्या उत्पादन खर्चाच्या चौपट ते पाचपट ठेवली नाही तर चित्रकाराचं मानधन निघत नाही. प्लेटी ५०० ला २४ आणि १००० लाही २४ च, त्यामुळे दोन्ही आकड्यांची कोटेशनं मागा. पण जागा आणि विक्री नसताना केवळ प्रत स्वस्त पडते म्हणून १००० छापू नका.

टपालाचा हिशेब: १७८ × २३५ मिमीचे ४८ कागद, १०० जीएसएमने २०० ग्रॅम, कव्हर २५ ग्रॅम. पुठ्ठ्याचं पॅकिंग ७० ग्रॅमच्या आत बसवलंत तर पाकीट ३०० ग्रॅमच्या खाली राहतं. १ मे २०२५ पासून टपाल खात्याची ज्ञान पोस्ट सुरू आहे, पुस्तकांसाठी ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, कर वेगळा. व्यावसायिक जाहिराती असलेलं पुस्तक तिला चालत नाही, शेवटच्या पानावर प्रायोजकाची जाहिरात घ्यायचा विचार असेल तर तो सोडा. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव छापलेलं हवंच.

पहिल्या शंभर प्रती वितरकाकडे देण्याऐवजी शाहू स्मारकमधल्या प्रदर्शनांत, कॉलेजांत आणि पुणे-मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये थेट विका. सूट वाचते आणि वाचक पान उघडून काय म्हणतो ते समोर ऐकायला मिळतं.

---

चौकट_राजारामपुरी

८-९ आणि ५६-५७ ला बंधाऱ्याची जोडपानं आणता येतायत, बाकी रचना पुन्हा बघतोय. एक शेवटचं: छापखान्यात कधी जाऊन उभं राहावं?

---

फर्मा_सोळा

पहिला फर्मा मशीनवर चढेल तेव्हा, आणि तो मुद्दाम सगळ्यात जास्त रात्र असलेला फर्मा निवडा. शंभरेक शिटा गेल्यावर शाई स्थिर होते, तेव्हाची शिट मागा. तिची घडी घाला, कापा, पानांचा क्रम बघा. तपकिरीचा सही केलेला तुकडा शेजारी धरा. पांढरी अक्षरं भिंगातून बघा, 'भ' ची गाठ उघडी आहे का. ठीक असेल तर त्या शिटेवर तारीख आणि सही करून मशीनमनकडे द्या आणि उरलेले पाचही फर्मे तिच्याशी जुळवायला सांगा. सगळे फर्मे एकाच दिवशी, एकाच डब्यातल्या शाईने व्हावेत हे आधी बोलून ठेवा. दुसऱ्या दिवशी नव्याने मिसळलेली तपकिरी तशीच येईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही.